टपावर आडवं होऊन बघा

—नाही नाही साहेब, उठताय कशाला, आत्ता तर आडवे झालात. पाठ नीट टेकवा. तुम्हीच विचारलंत ना, वर तंबू टाकून दोन माणसं झोपली तर कॅरिअर पेलेल का — मग? आमच्या कारखान्यात ही पद्धतच आहे, बाबांच्या वेळेपासूनची. ज्याची गाडी त्याने टपावर स्वतः आडवं होऊन बघायचं, मग पसंत करायचं. किती वजन पेलेल ते कागदावर काय, कुणीही छापतं — पाठ खोटं बोलत नाही. हां, हा पट्टा छातीवरून, हा मांड्यांवरून. सामान कसं आवळायचं ते एकदा स्वतःच्या अंगावर बघितलं की माणूस जन्मात विसरत नाही. आणि हा खटका. बघा, मान वळवून बघा — तुमच्या उजव्या हाताशी, कमरेपाशी. दांडी मागेपुढे केली, कट् कट्, की आवळतो. ही पत्र्याची जीभ वर उचलली की सगळं एकदम मोकळं. दोन्ही पट्टे त्यालाच. कळलं? डावा हात आत गेला, असू दे. उजवा बाहेर ठेवलाय. आवळतंय? आवळणारच, ढिलं बांधलेलं सामान उडतं.

आता कॅरिअरचं म्हणाल तर तुमच्यासारखे हौशी लोक आधी दिसण्याकडे बघतात. काळं हवं, चपटं हवं, पुढे दिव्यांची रांग हवी. मी म्हणते दिवे मागाहून, आधी पाय बघा. कॅरिअर म्हणजे त्याचे पाय — टपाच्या कडेला ही पन्हळ असते ना, तिच्यात ते किती घट्ट बसतात, किती पाय आहेत, मधला पाय आहे की नाही. गुळगुळीत रस्त्यावर सगळीच कॅरिअरं शहाणी असतात. दगडांत गाडी घातली, एक चाक वर एक खाली झालं, की मग कळतं कोण कुठल्या लायकीचं आहे. हे लोखंडी आहे, जड आहे, टपावर जड नको हेही खरं — गाडी कलंडते — पण सुटणार नाही, ते माझ्यावर सोडा. बाईसाहेब? आत आहेत हो, आमच्या धाकट्या बहिणीबरोबर. येतील. तुमचं चालू द्या.

फार गप्प असतात का हो बाईसाहेब? — नाही, सहज विचारलं. मघाशी गाडीतून उतरताना बघितलं मी. आधी काच खाली केली, मग हात बाहेर काढला, बाहेरची कडी ओढून दार उघडलं. म्हटलं आतली कडी अडकत असेल, तेल सोडते दोन थेंब, म्हणून गेले तर कडीच नाही! नुसतं भोक. वा साहेब, म्हटलं. पुढे गाडी ओढायचा विंच, मागे जादा टाकी, सीटांना चामडं, आणि बायकोच्या दाराला आतून कडी नाही. तुटली? असेल, तुटली असेल. आणि मानेवर ते निळं... बरं, नाही विचारत. काय म्हणालात? ‘मी काय तिला बांधून ठेवलंय?’ छे छे, बांधून कसं ठेवाल, शिकलेली माणसं तुम्ही. दार उघडंच असतं घरचं, जायचं असेल तिने जावं — बरोबर आहे. हा कसला आवाज? काही नाही, मी खाली गाडीत शिरलेय. कडी बसवतेय. बोलत राहते, तुम्ही ऐका, कान तर मोकळे आहेत.

आमच्या धाकटीला बघितलंत ना बाहेर टेबलापाशी? हसली की तोंड एका बाजूला जातं तिचं. तो जबडा जावईबापूंनी दिलेला. त्यांचा धंदा पाहुणे फिरवायचा, फोर बाय फोर घेऊन डोंगरात, वाळूत, कुठेकुठे. ती स्वयंपाक करायची, तंबू ठोकायची, टपावर सामान चढवून बांधायची. आणि मार खायची. पाना, पट्टा, बूट, त्याच्या हाताला येईल ते. एकदा गरम सायलेन्सरला हात धरून ठेवला तिचा, चहा उशिरा दिला म्हणून. मी म्हणायचे, निघ. शेजारीपाजारी म्हणायचे, पाय आहेत ना धड, निघत का नाही? ती म्हणायची, ताई, तुला नाही कळायचं. आणि खरंच मला नाही कळायचं, मी चिडायचे तिच्यावरच. तर एकदा ती टपावर उभी राहून पाण्याचे डबे बांधत होती, पाहुण्यांसमोर बोलून गेली, की एका बाजूला फार भरलंत, गाडी कलंडेल. एवढंच. तो आत बसला आणि गाडी सोडली — ती वर उभी असताना! दगडांच्या वाटेने, मुद्दाम डावीउजवीकडे हिसके देत, मुद्दाम ब्रेक मारत. ही पालथी पडून कॅरिअरला चिकटलेली. आणि कॅरिअर कुठलं, तर बाजारातलं चपटं, काळं, दिसायला छान — माझं त्याला जड वाटलं होतं. एकेक पाय पन्हळीतून सुटत गेला. कॅरिअरसकट ती बॉनेटवरून पुढे गेली, तोंडावर. दात तिथेच राहिले दगडांत. तो उतरला, आणि आधी काय बघितलं असेल सांगा? बॉनेटला पोचा आलाय का ते.

म्हणून मी पायांचं म्हणते साहेब. मग मी हे कॅरिअर बनवलं, आठ पायांचं, माझ्या हाताने वेल्डिंग करून. तो आला धाकटीला परत न्यायला, हॉस्पिटलातून ती इथेच आली होती, जबडा तारांनी बांधलेला. दारात उभा राहून म्हणतो, झालं गेलं विसरा, माझं माणूस मला द्या. मी म्हटलं या या, जावईबापू, तुमच्या गाडीवर नवं कॅरिअर टाकून देते, जरा टपावर आडवं होऊन बघा. झोपला की हो! तुमच्यासारखाच, ऐटीत, बूट न काढता. त्याचे दोन्ही हात मात्र मी आत घेतले होते. चावी गाडीलाच होती. मागे ती खडीची खाण दिसते ना खिडकीतून, तिथे—

हलू नका. मी बाहेर आलेय, दिसताय तुम्ही मला. हा पाना हातात आहे तो कडीसाठी, दचकताय काय. ओरडून उपयोग नाही, पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ठोकाठोकीच चालते. आणि बाईसाहेबांना हाक मारू नका, त्या नाहीत आत. तुमच्या छातीवर पट्टा पडला तेव्हाच दोघी मागच्या दाराने निघाल्या, माझ्या जुन्या गाडीतून. कुठे ते मी विचारलंच नाही — विचारलं असतं तर आत्ता तुम्ही माझ्याकडून काढायला बघितलं असतं. त्याआधी आत मला काय म्हणाल्या माहितेय? मला वाटलं म्हणतील, हाडं मोडा याची. तर म्हणतात, त्यांना लागू देऊ नका हं. इतकंच पुन्हा पुन्हा. गळा असा झालेला, आवाज फुटत नाही धड, आणि लागू देऊ नका! मी शब्द दिलाय साहेब. त्या पोचल्या की धाकटीचा फोन येईल, तोवर तुम्हाला थोपवायचं आणि केसालाही धक्का लावायचा नाही. फोन यायचाय अजून. आणि माझा हात तर नुसता शिवशिवतोय. ही चावी बघा, तुमचीच आहे. खाणही तिथेच आहे.

तर खाण. मी तसल्याच दगडांतून नेला त्याला, तसेच हिसके देत, तसेच ब्रेक मारत. पहिल्यांदा शिव्या देत होता, मग देवाचं नाव, मग आईचं, मग नुसता आवाज. टपाच्या पत्र्यावर डोकं आपटलेलं आत ऐकू येतं, माहितेय? धप, धप, बरोबर माझ्या डोक्यावर. कॅरिअर? तसूभर हललं नाही! आठही पाय जागच्या जागी. पट्ट्याखाली त्याच्या बरगड्या मोडल्या, पण पट्टा नाही सुटला. पुढच्या काचेवरून रक्ताचा ओघळ खाली आला — धाकटी शेजारी बसली होती, तारा लावलेल्या तोंडाने म्हणत होती, ताई बास, ताई बास, माझा दंड ओढत होती — आणि मी वायपर लावला. दिसायला हवं ना समोरचं. आणखी दोन फेऱ्या मारल्या मी. बरं वाटत होतं हो, खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं—

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्हाला घाबरवायचं तेवढं ठरलं होतं आमचं. जगला तो. एका डोळ्याने बघतो, सामान बांधताना पडलो म्हणून सांगतो सगळीकडे. इकडे फिरकत नाही. पण धाकटीने अबोला धरला माझ्याशी. आणि बोलली तेव्हा काय बोलली? ‘ताई, तू अगदी त्याच्यासारखीच गाडी चालवतेस.’ त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. तेव्हापासून ती माझ्या गाडीत पुढे बसत नाही. मागे बसते, दाराच्या कडीवर हात ठेवून. माझ्या गाडीत! माझीच बहीण!

थांबा. वाजला. — हं, बोल. पोचलात? दार आतून लावलं? रडू दे, रडू दे त्यांना, पाणी दे. — हो, आहे इथेच. नाही गं. नाही लावला हात. शप्पथ. — हो, तसाच मोकळा ठेवलाय. नाही, एकदाही नाही. — ठेव.

ऐकलंत? धाकटी विचारत होती तुमच्या उजव्या हाताचं. तिनेच अट घातली होती मला — बांधायचं तर बांध, पण एक हात बाहेर आणि खटका हाताशी. मी म्हटलं अगं, लगेच सुटेल की तो. ती म्हणाली, बघच तू. साहेब, मी खाली वाकून कडी बसवत होते, डोकं गाडीत, पाठ बाहेर. जीभ वर उचलायची होती नुसती, आधी दाखवलीसुद्धा होती मी. हात तिथेच आहे अजून, कमरेवर, बघा. धाकटी म्हणायची, तुला नाही कळायचं, ते आज कळतंय मला, इतक्या वर्षांनी, तुमच्याकडे बघून.

उतरा आता. उतरा हो, रडताय काय, तुम्हाला तरी कुणी बांधून ठेवलं होतं? हे घ्या, मीच उचलते. शिडी त्या बाजूला आहे, सावकाश पाय टाका. चावी सीटवर ठेवतेय. दाराला आतून कडी बसवलीय, बसणारं कोणी नाही आता, पण बिनकडीची गाडी मी इथून बाहेर सोडत नाही. कॅरिअर काढून घेते, तुम्हाला नाही द्यायचं मला. जा.