टॉवेलाखालचं डोकं

चहा गार झाला तर होऊ दे, आधी हे ऐका. माझा धाकटा भाऊ रामनगरात हमाली करतो. मोठ्या दवाखान्याची गाडी तिथं बंद पडली, तेव्हा कॅन्सरच्या औषधाची खोकी त्यानंच टॉवेलाची चुंबळ करून डोक्यावरनं दुसऱ्या गाडीत चढवली. दवाखान्यात खोक्यांना किरणं मोजायचं यंत्र लावलं, तर ते ओरडलं. आतलं किरणोत्सारी औषध खोक्यांना बाहेरनं लागलेलं.

दुसऱ्या दिवशी दोन साहेब हातमोजे घालून, तसलंच यंत्र घेऊन रामनगरात आले. बंद गाडी पुसून घेतली. भावाचा टॉवेल चिमट्यानं उचलून पिशवीत घातला, वर शिक्का मारला.

"टॉवेल परत मिळंल न्हवं?" भाऊ विचारतोय.

"गप रे," मी त्याला दटावलं. "साहेब, त्या टॉवेलाखाली ह्याचं डोकं हुतं. ते कधी तपासणार?"

"अज्जी, आम्ही गाडी आणि सामान तपासतो. माणसं आमच्या यादीत नाहीत."

मी भावाची मान धरली आणि त्याचं डोकं यंत्रापुढं वाकवलं. "मग सामान समजून तपासा. रोज सामानच वाहतंय ते."

यंत्र ओरडायला लागलं.

साहेबानं ते बंद केलं.