पोटाचा पट्टा

रुमिना : पुरे, म्बोक. श्वास घेता येत नाही.

कासिनेम : श्वास उद्या घे. माझी सून म्हणून आलीस तेव्हापासून घेतेच आहेस. फीर, अजून निम्मा पट्टा बाकी आहे.

रुमिना : डॉक्टरीणबाई घट्ट बांधायला नको म्हणाल्यात. गर्भपिशवी काढताना पोट उघडं धरायला आकडे लावले होते, त्यांनी मांडीची नस दबली. हळूहळू जागी होईल म्हणाल्या.

कासिनेम : तिचं पोट कुणी फाडलंय? फाडलेलं पोट बांधलं नाही की वारा शिरतो. माझ्या मावसबहिणीनं बांधलं नव्हतं. विहिरीवर वाकली ती फुगून वरच. थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी. धुरानं शिंक आली म्हणून खाली पडली.

रुमिना : मागच्या वेळी ती नारळाला अडकली होती.

कासिनेम : ते येताना.

रुमिना : हसवू नका, टाके ओढतात. ही मांडी माझी नाहीच वाटत. चिमटा काढला तरी कळत नाही. काल विकायच्या काढ्याच्या बाटल्यांची टोपली पाठीवर घेतली, तर गुडघा दुमडून दारातच बसले. गिऱ्हाइकं त्या पलीकडच्या पोरीकडे जायला लागली, म्बोक. पायात जीव आला नाही तर मी करू काय?

कासिनेम : म्हणून तर रोज जरा जास्त आवळते.

रुमिना : तुम्ही आवळता म्हणूनच तो जास्त लटपटतो.

कासिनेम : मी काय तुझ्या वाइटावर आहे?

रुमिना : नाही ना. तीच तर पंचाईत आहे. नीट भांडताही येत नाही. दिवा मालवला की मी पट्टा सोडून झोपते. तुम्ही उठायच्या आत पुन्हा गुंडाळते.

कासिनेम : म्हणजे सकाळी तो ढिला असतो तो...

रुमिना : मी बांधलेला.

कासिनेम : मला वाटलं तू वाळलीस. तुझ्या भाताखाली अंडं लपवत होते रोज.

रुमिना : कळत होतं.

कासिनेम : मग सोड. सगळाच सोड. उडालीस तर मला हाका मारू नकोस, न्दुक, पोरी. धर हे टोक.

(पट्टा सुटतो, त्याच्याबरोबर कमरेचं सारोंगही बधिर मांडीवरून घसरतं.)

कासिनेम : हलू नकोस. मांडीवर डास बसलाय. रेड्याएवढा.

रुमिना : थांबा. मारू नका.

कासिनेम : अगं, रक्त पितोय तो.

रुमिना : पिऊ दे, म्बोक. चावलेलं कळतंय.