चोवीस तासांतली दारू

अमेरिकेतल्या डुलुथच्या दवाखान्यात मी तपासणीसाठी रक्त द्यायला बसलो होतो. बायको, हेलन, गेल्यापासून एकटाच येतो. पुढे खिडकीपाशी काठी टेकून एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभी होती. खिडकीतल्या बाई विचारत होत्या.

"मिस्टर लिंडक्विस्ट, व्हिटॅमिन ईची तपासणी ना? रात्रीपासून काही खाल्लं?"

"नुसतं पाणी."

"चोवीस तासांत दारू?"

"अकरा वर्षांत नाही. हिला विचारा, दर रविवारी माझं तोंड हुंगते."

"बाबा, हळू बोला."

"बसा, बोलावते."

ती दोघं माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, तुम्ही झोकांड्या खात होता. मला काय वाटणार?"

"सांगत होतो ना, पायाखाली जमीन लागत नाही म्हणून."

"पीत होता तेव्हाही असंच काहीतरी सांगायचात."

"तेही खरं."

"डॉक्टर म्हणतात, आतडं कापल्यापासून तेल-लोणी अंगी लागत नाही, त्याबरोबर हे व्हिटॅमिनही जातं. नसा त्यानेच बिघडल्या असतील. आणि मी तुमच्या गाडीची किल्ली काढून घेतली."

"किल्ली ठेव तुझ्याकडेच. या पायांना ब्रेक सापडायचा नाही. ब्रिटाला माझ्याकडे का पाठवत नाहीस ते सांग."

"तिला मी सांगितलंय, आजोबा पुन्हा प्यायला लागले."

"नऊ वर्षांच्या पोरीला?"

"हो."

"मग आता खरं सांग तिला."

"तुम्हीच सांगा ना, बाबा."

"नाही, कार्ला. तू सांग. मी शेजारी बसेन. दारू सोडणाऱ्यांच्या त्या पहिल्या सभेत मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं, तेव्हा तू बसली होतीस तसा."