केतकीची तुटक रेष

मंडळी, एक विचारतो, खरं सांगायचं हं! पोरं इंजिनियरिंग पहिल्याच वर्षी सोडून घरी का येतात? अवघड असतं म्हणून? अहो, अवघड तर संसारही असतो — कितीजण सोडून गेलात? बघा, वहिनी हसल्या, काका नाही हसले! मग का येतात? ऐका.

परांड्याच्या गणिताच्या मास्तरांची लेक, केतकी. कॉलेजात नंबर लागला, गावात पेढे वाटले, मास्तरांची मान ताठ! आणि पोरगी पहिल्याच महिन्यात गोंधळलेली. ड्रॉइंगच्या तासाला सर टेबलावर लोखंडी ठोकळा ठेवायचे आणि म्हणायचे, समोरून कसा दिसतो काढा, वरून कसा दिसतो काढा. हिला समोरून ठोकळा दिसे, वरूनही ठोकळाच! सर विचारायचे, कळलं का? सगळा वर्ग एका सुरात, "हो सर!" त्यात हिचाही सूर. मास्तरांची पोरगी ना — 'नाही कळलं' म्हणायची तोंडाला सवयच नाही!

हॉस्टेलवर येऊन रडायची. सगळ्यांना कळतं, मला एकटीलाच कळत नाही, मी इथली नव्हेच. शेवटी वडिलांना फोन केला, न्यायला या. मास्तर एवढंच म्हणाले, "येतो शनिवारी."

शनिवारी बॅग भरली. मास्तर दुपारी येणार होते, तोवर ही ड्रॉइंगच्या तासाला जाऊन बसली. सर आले ते पोरांनी काढून दिलेल्या शीटांचा गठ्ठा आपटतच! त्या ठोकळ्याला आत एक भोक होतं. बाहेरून दिसत नाही, पण असतं; म्हणून ते तुटक रेषेनं दाखवायचं, असा नियम. आणि इथं अख्ख्या वर्गानं अखंड रेष मारलेली!

आता या पोरांची एक कला सांगतो. खाली दिवा, वर काच, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी — की गिरवा! हात हलवायचा, डोकं अजिबात नाही. सरांनी विचारलं, मूळ शीट कुणाची? केतकीनं ती रेष ओळखली. तिची शीट खोलीतली मैत्रीण संपदा घेऊन गेली होती, पुढं कुठं कुठं फिरली देव जाणे. तिनं मनाशी म्हटलं, जायचंच आहे, आता लाज कसली? उभी राहिली.

"सर, माझी. मी अंदाजानं रेष मारली. मला पहिल्या दिवसापासून काही कळलेलं नाही."

मागून संपदा म्हणाली, "अगं, तुला एकटीला कळतं म्हणून तर आम्ही तुझी गिरवली."

मग कोपऱ्यातून एकजण, सर, मलाही नाही. मग दुसरा. मंडळी, हातच हात वर! सर रागावले, मग खुर्चीत बसून हसले. डब्यातली काकडी काढली, पेन्सिल आरपार घातली, ओढून काढली आणि आडवी धरली. भोक दिसतं? नाही. आहे? आहे. मग काढा तुटक! आणि वर्गाला कळलं हो!

दुपारी मास्तर आले, चेहरा उतरलेला. लेक हसत पुढं आली. "बाबा, बॅग राहू दे. मला कळत नव्हतं, आता विचारते." मास्तर कट्ट्यावर बसलेच. म्हणाले, "बाळा, मला वाटलं तुला काही झालंय." आणि डोळे पुसले. किती हलका झाला असेल तो बाप!

त्या वर्गातला एकजण दिवाळीनंतर खरंच गेला. त्याला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. सरांच्या पाया पडून, आनंदानं गेला. जाणं वाईट नाही, मंडळी. मलाच तेवढं कळत नाही, असं मनात धरून तोंड लपवून जाणं वाईट.

घरी पोरगं 'सगळं ठीक आहे' म्हणालं ना, की तुम्ही आधी म्हणा, मला नाही रे सगळं कळत. मग बघा ते कसं बोलायला लागतं.

आणि आता तुमच्याकडे येतो! मघाशी तासभर अभंगाचं निरूपण केलं, विचारलं कळलं का, तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगा, कुणाला नाही कळलं? हां, त्या खांबाजवळच्या आजींचा हात! शाबास. अजून? अजून? अहो, मंडप भरला की हातांनी!

बुवा, पखवाज घ्या पुढं. निरूपण पुन्हा पहिल्यापासून.