दोन हेमांगींचा एक स्कोअर

...आणि झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा. सातशे ऐंशी होता हो माझा क्रेडिट स्कोअर, बारावीच्या मार्कांपेक्षा अभिमानाने सांगायचे मी, आणि बँकेतला तो पोरगेला साहेब स्क्रीनकडे बघत म्हणतो, "मॅडम, पाचशे शहाण्णव झालाय, घराचं कर्ज नाही होणार." रात्रभर पंख्याकडे बघत आयुष्यातलं सगळं थकलेलं देणं आठवत बसले. कॉलेजच्या लायब्ररीचं एक पुस्तक परत द्यायचं राहिलंय, तेही आठवलं. माझंच काहीतरी चुकलं असणार. कुठेही काही बिघडलं की माझं पहिलं मत हेच असतं.

आता फ्लॅट कशाला हवा, तर तुम्हाला सांगते, नोकरी तारापूर एमआयडीसीत, औषधाच्या कंपनीत, लॅबला. राहायला केळव्याला, सासरी. किंजल साडेचार वर्षांची, मी निघते तेव्हा झोपलेली, मी येते तेव्हा पेंगुळलेली. परवा तिने आजीलाच "मम्मी" अशी हाक मारली, आणि सासूबाईंनी खुशाल ओ दिली! म्हणून बोईसरला वन बीएचके बघितला... म्हणजे बिल्डर त्याला वन बीएचके म्हणतो... म्हटलं, निदान तिची हाक तरी माझ्यापर्यंत पोचेल.

लावला फोन क्रेडिट ब्यूरोला. हे दाबा, ते दाबा, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है... एवढं महत्त्व मला माहेरीसुद्धा नव्हतं. शेवटी एक मधाळ मुलगा आला लाइनवर. "मॅम, आपने फ्रिज का लोन नहीं भरा." कुठला फ्रिज? "हेमांगी मॅम, केळवे, पति का नाम प्रणव. आप ही हैं ना?" आता मी हेमांगी, गाव केळवे, नवरा प्रणव. नाही कसं म्हणू? विचारलं, कधी घेतला मी हा फ्रिज? त्याने साल सांगितलं. त्या साली, तुम्हाला सांगते, मी पालघरच्या कॉलेजात बेंझिनच्या रिंगा काढत होते आणि माझं नाव तेजल होतं!

हेमांगी मला लग्नात मिळालं. ताटातल्या तांदळांत प्रणवने अंगठीने लिहिलं, सगळे म्हणाले, वा! घरात पाऊल टाकलं तर मांडणीवरच्या एकेका भांड्यावर 'सौ. हेमांगी' कोरलेलं. डबे, पातेली, पिंप, झारासुद्धा. मला भरून आलं हो. म्हटलं, काय हौस या बाईला, सून यायच्या आधीच नाव कोरून तयार! माहेरी जाऊन चार घरांत कौतुक सांगून आले.

प्रणवचं पहिलं लग्न मोडलंय हे ठाऊक होतं. वाणगावची होती, चार महिन्यांत गेली, एवढंच सांगितलेलं. नाव मी विचारलं नाही. समजूतदार ना मी.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई पडवीत सुपाऱ्या निवडत होत्या. तिचंही नाव हेमांगीच होतं का, विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मग काय एवढी भांडी टाकून द्यायची व्हती? स्टीलवरचं नाव पुसत नाय बाय. सून बदलता येते."

आणि नवरा? त्याच फ्रिजमधून गार पाण्याची बाटली काढत मला समजावतो, कर्ज तिच्या नावावर होतं, ती गेली, मग हप्ते तिने भरायला नकोत का? मी म्हटलं, फ्रिज इथे राहिला ना? तर म्हणाला, तोही तिने न्यायला हवा होता, तिलाच कसली जबाबदारी नव्हती. मी मान डोलावली. खरंच डोलावली! सवयीने... माझंच काहीतरी चुकलं असणार.

पुन्हा मधाळ मुलगा. म्हणे त्या जुन्या कर्जावर पॅन नंबरच नाही, मी घराच्या कर्जाचा अर्ज केला, नाव, पत्ता, पती जुळले, झालो आम्ही एक. "मॅम, आपको प्रूव्ह करना होगा कि आप वो हेमांगी नहीं हैं." कसं? तर नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं, या नावाच्या माझ्या दोन बायका झाल्या, ही दुसरी. प्रणव म्हणाला, नोटरी गावातलाच आहे, लोक हसतील. माझ्या स्कोअरला हसले तर चालेल, नाही का?

मग मी तिचाच नंबर शोधला. वाणगावला फोन लावला, म्हटलं, मी हेमांगी बोलतेय. पलीकडून ती म्हणाली, "झाऱ्याचा दांडा हलतो काय गं अजून?" हलतो, म्हटलं. मग स्टॅम्पपेपरचं सांगितलं, तू तरी सही कर म्हणून. तर म्हणाली, "त्या घराच्या कागदावर मी परत सही करायची नाय. मी कवाच जमुना झाले परत. हेमांगीला तूच सांभाळ आता." आणि ठेवला. राग नाही आला मला. हेवा वाटला.

फ्लॅट गेला. बिल्डर थांबतो होय? सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला, म्हणाल्या सहजच केलाय. फ्रिजचे पैसे मी भरले, दंडासकट, तर मुलगा मधाळपणे सांगतो, डाग राहील मॅम, काही वर्षं. म्हणजे फ्रिज तिचा, पाणी त्याचं, डाग माझा.

म्हटलं, खड्ड्यात गेला स्कोअर. निदान नाव तरी माझं परत घेते. अर्ज आणला, भरला, आणि सगळ्यांत आधी सांगितलं ते किंजलला. मांडीवर घेतलं, केस मागे केले, म्हटलं, "बघ हं, आजपासून मम्मीचं नाव हेमांगी नाही. मम्मीचं नाव तेजल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आजीची नात ती. म्हणाली, "मग आता आपल्याकडे हेमांगी कोण येणार?"