जुन्या सेशनमधली सरासरी

वडील : फोल्डर चुकलं असेल. दुसरं काही नाही. आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते आधी मशीनला विचार.

मुलगी : विचारलं, बाबा. काल ऑफिसात विचारलं, आता इथे विचारलं. फोल्डर बरोबर आहे. फाइल तीच आहे. प्रोग्रॅम तर तुम्हीच लिहिलेला. माझ्या ऑफिसच्या मशीनवर चौदा मिनिटं येतात आणि तुम्ही ऑफिसातून घरी आणलेल्या या जुन्या मशीनवर अकरा.

वडील : मग फाइल तीच नसेल. नाव सारखं असलं म्हणून माल सारखा असतो असं नाही.

मुलगी : तुमच्या डोळ्यांदेखत पेनड्राइव्हवरून उतरवली. साइज बघा, तारीख बघा. शेवटची ओळ पण बघा हवी तर.

वडील : बघतो. बघायला काय जातं. चष्मा कुठे ठेवला मी?

आई : कपाळावर.

वडील : हं. तीच आहे फाइल.

आई : मला एक सांगाल का कुणी? आल्यापासून चौदा-अकरा, चौदा-अकरा चाललंय. ही पोरगी भर दुपारी कचेरी सोडून आली, पाणीसुद्धा प्यायली नाही. तोंड बघा तिचं.

मुलगी : अगं, शेवटच्या वसाहतीचा बसथांबा. तिथे माणसं बसची वाट बघत सरासरी किती मिनिटं उभी राहतात, तो आकडा. बाबा नोकरीत होते तोवर बाबा काढायचे, आता मी काढते.

आई : माझा थांबा?

मुलगी : तुझाच. उद्या सकाळी मीटिंग आहे. ज्या मार्गावर लोक बारा मिनिटांपेक्षा कमी थांबतात, त्याची एक गाडी काढून दुसरीकडे द्यायची असं ठरतंय. बाबांच्या हिशेबाने अकरा, म्हणजे गाडी गेली. माझ्या हिशेबाने चौदा, म्हणजे गाडी राहिली.

आई : आणि तुमचे साहेब काय म्हणतात?

मुलगी : साहेब बाबांचे पट्टशिष्य. ते म्हणाले, तुझ्या वडिलांचा आकडा इतकी वर्षं अकराच्या आसपास येतोय, तुझाच एकदम चौदा कसा झाला? उद्यापर्यंत कारण दाखव, नाहीतर जुनेच आकडे धरू.

वडील : माझ्या हाताखाली शिकलाय, उगीच नाही. विचारतोय ते बरोबर विचारतोय.

मुलगी : म्हणून तर आले.

वडील : हे बघ, तुझं काय होतं सांगू? तू रोज सकाळी रिकाम्या घरात शिरतेस. एक भांडं नाही, एक खुर्ची नाही. सगळं नव्याने मांडायचं. त्यात काहीतरी राहतं. माझं बघ, सेशन उघडलं की सगळं हाताशी. कालचं, परवाचं, गेल्या वर्षीचं.

आई : सेशन म्हणजे?

मुलगी : तो प्रोग्रॅम चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचा वेळ गं. आपण आत जे जे तयार करतो, आकडे, तक्ते, सूत्रं, ते सगळं तेवढ्यापुरतं असतं. बंद करताना ते विचारतं, हे ठेवू का टाकू? मी रोज 'टाक' म्हणते. बाबा रोज 'ठेव' म्हणतात. आणि ठेवलेलं दुसऱ्या दिवशी आपोआप परत येतं.

आई : म्हणजे तुमच्या टेबलाच्या खणासारखं. त्यात अजून कुठल्या कुठल्या कुलुपांच्या किल्ल्या आहेत.

वडील : लागतात कधीतरी.

आई : कुलपं कुठे आहेत पण?

मुलगी : बाबा, आत काय काय आहे त्याची यादी मागू या. एल, एस आणि कंस. तुम्ही टाइप करा, तुमचं मशीन आहे.

वडील : कर की तू.

मुलगी : नको. तुम्हीच करा.

वडील : बरं बाई. एल, एस, कंस सुरू, कंस बंद. ...हे बरंच लांबलं.

मुलगी : अजून येतंय.

वडील : येऊ दे. गर्दी म्हणजे काम झाल्याची खूण.

मुलगी : 'नवीन'. 'नवीन दोन'. 'शेवटचं'. 'खरंच शेवटचं'. 'एक्स', 'एक्स-एक्स', 'एक्स-एक्स-एक्स'. आणि हे 'चहा' काय आहे, बाबा?

वडील : चहा प्यायला उठायच्या आधी ठेवलं असेल काहीतरी. पुसून टाक.

मुलगी : पुसायचं नंतर बघू. आधी फक्त वाचा. क्रमाने आहेत, इंग्रजी अक्षरांप्रमाणे. एमपाशी या.

वडील : एमलाच का?

मुलगी : या तर खरं.

वडील : 'मार्च'. 'मार्ग'. 'मार्ग जुने'. 'मीन'. 'मेची फाइल'. झालं, एम संपला.

मुलगी : परत वाचा.

वडील : मार्च, मार्ग, मार्ग जुने, मीन... मीन इथे कशाला दिसतंय? मीन म्हणजे सरासरी, ती मशीनची स्वतःची असते. आपल्या यादीत यायचं कारण नाही.

मुलगी : नाही ना?

वडील : यादीत आपण तयार केलेलंच येतं.

मुलगी : हो.

वडील : मी कशाला मीन तयार करीन? येडा का खुळा?

मुलगी : नुसतं नाव टाइप करा. पुढे कंस नको. आत काय लिहिलंय ते दाखवेल.

(वडील नाव टाइप करतात आणि पडद्याजवळ वाकून वाचतात.)

आई : काय लिहिलंय? अहो, वाचा ना मोठ्याने.

वडील : 'तीस मिनिटांवरचे सगळे सोडून द्यायचे, मग सरासरी. फक्त आजपुरतं. रस्ता बंद.'

आई : कुणी लिहिलं?

वडील : मी. दुसरं कोण लिहिणार? भाषा माझीच आहे.

मुलगी : कुठला रस्ता बंद होता, आठवतंय?

वडील : पाण्याची मोठी पाइप फुटली होती. अख्खा रस्ता खणून ठेवला होता, गाड्या पलीकडेच अडकल्या. लोक दोन-दोन तास उभे. तो एक दिवस धरला असता तर महिन्याचा आकडा भलताच दिसला असता. आणि प्रोग्रॅममध्ये सरासरी जागोजागी, प्रत्येक ठिकाणी कोण बदलत बसणार? म्हणून मी त्याच नावाची माझी सरासरी बनवली. मशीन आधी आपलं बघतं, आपल्याकडे नसेल तरच स्वतःचं वापरतं. एका ओळीत काम झालं. स्वतःवर खूश झालो असणार मी त्या दिवशी.

मुलगी : आणि संध्याकाळी बंद करताना त्याने विचारलं.

वडील : आणि मी म्हटलं, ठेव.

आई : मग पुढे?

वडील : पुढे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. रोजच येत राहिली. जो माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त उभा राहिला, तो माझ्या हिशेबात उभाच नव्हता.

मुलगी : बाबा, आधी या सूत्राची वेगळ्या फाइलमध्ये एक प्रत काढून ठेवते. उद्या दाखवावी लागेल. ...झालं. आता आर, एम, कंसात मीन. तुम्ही पुसता का मी पुसू?

वडील : मी पुसतो. माझंच आहे.

आई : सरासरीच पुसलीत तर आता हिशेब कशाने होणार?

मुलगी : मशीनची मूळची आहे ना, ती कुठे जात नाही. बाबांची तिच्या पुढ्यात उभी होती, एवढंच. चालवा बाबा परत.

वडील : चौदा.

मुलगी : चौदा.

वडील : चौदाच्या थोडं वरच.

आई : हे पाइप फुटल्याचं कुठल्या वर्षीचं?

वडील : तेच आठवतोय. तारीख घातलेली नाही मी.

आई : मी सांगते. माझी बदली त्या वसाहतीतल्या दवाखान्यात झाली त्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात खणलेल्या रस्त्यातून चिखल तुडवत गेले होते. चप्पल गेली होती माझी.

वडील : म्हणजे तुझी तिथली सगळी नोकरी यात आली.

आई : आली असेल.

वडील : तू यायचीस तेव्हा म्हणायचीस काहीतरी.

आई : काय?

वडील : तुमची अकरा मिनिटं माझ्या घड्याळात मावत नाहीत.

आई : म्हणत असेन. दमून आल्यावर माणूस काहीही म्हणतो.

वडील : आणि मी म्हणायचो, एका बाईच्या कंटाळ्यावरून सरासरी निघत नसते.

आई : ते मात्र तुम्ही पाहुण्यांपुढेसुद्धा म्हणायचात.

वडील : मग बोल की आता.

आई : काय बोलू?

वडील : काहीही. एरवी रुमाल हरवला तरी तासभर बोलतेस.

आई : रुमालाचं वेगळं. पाय दुखायचे माझे, बाकी काही नाही. ताटं घेऊ का? पोरगी उपाशी आहे.

मुलगी : थांब ना आई, पाच मिनिटं.

वडील : तू मघाशी मला एमपाशीच का नेलंस?

मुलगी : असंच. सरासरीचा घोळ, म्हणून सरासरीच्या नावापासून.

वडील : मी पण आयुष्यभर आकडेच बघितलेत. तुला आधीच माहीत होतं.

मुलगी : हे सूत्र आहे हे नव्हतं माहीत. पण काल संध्याकाळी मी आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि वरचे एकेक काढत गेले. तीसच्या वरचे सगळे काढले की बरोबर तुमचा आकडा येतो. दशांशासकट. मागचं वर्ष घेतलं, तिथेही तसंच. त्याच्या मागचं घेतलं.

वडील : मग तुला काय वाटलं?

मुलगी : जाऊ दे ना बाबा.

वडील : नाही, सांग. जास्त वेळ थांबलेली माणसं कुणीतरी हिशेबातून काढून टाकतंय, दर महिन्याला, न चुकता. वरच्यांना कमी आकडे आवडतात. तुला काय वाटलं?

मुलगी : क्षणभर वाटलं की तुम्ही मुद्दाम...

वडील : क्षणभर?

मुलगी : रात्रभर.

आई : अगं, बापाबद्दल?

वडील : तिला रागावू नकोस. मी तिच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. आकड्याकडे बघून माणूस लबाड आहे की विसरभोळा, ते कळत नाही.

मुलगी : झोप नाही आली. म्हणून फोनवर नाही विचारलं. समोर बसून बघायचं होतं मला. तुम्ही ते 'मीन' वाचून पुढे गेलात ना, 'झालं, एम संपला' म्हणून, तेव्हा मला रडू येत होतं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं.

वडील : म्हणजे मी परीक्षेत पास झालो तर.

मुलगी : चिडलात?

वडील : तुझ्यावर नाही. मी एवढ्या लोकांच्या चुका काढल्या त्या खुर्चीत बसून. हा तुझा साहेब, त्याच्या फाइलवर लाल पेनने लिहायचो. आणि माझ्याच मशीनमध्ये हे रोज सकाळी माझ्या आधी येऊन बसत होतं.

मुलगी : उद्या मी नीट सांगते. नाव घ्यायची गरजच नाही. जुन्या मशीनमध्ये एक बिघाड होता, तो सापडला, नवे आकडे धरा. कुणी खोलात जाणार नाही.

वडील : मशीनला कशाला दोष देतेस? ते बिचारं रोज विचारायचं, ठेवू का म्हणून.

मुलगी : पण बाबा, मीटिंग होते त्याच हॉलमध्ये तुमचा फोटो आहे.

वडील : असू दे की. फोटो काय म्हणणार आहे?

आई : अहो, ती तुमच्याच भल्याचं बोलतेय. लोक चघळतील चार दिवस. ज्यांना तुम्ही शिकवलंत तेच हसतील.

वडील : हसू देत. पण बिघाड म्हटलं की साहेब विचारणार, कसला बिघाड? मग ही ततपप करणार. मग त्याला वाटणार, ही वडिलांचं झाकतेय. आणि झाकतेय म्हणजे वडिलांनी केलं असणार. तू जी रात्र काढलीस ना, ती मग सगळं ऑफिस काढेल. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, कसं राहून गेलं.

मुलगी : आणि गाडी?

वडील : गाडी राहील. राहिलीच पाहिजे. खरं तर एक वाढवून मागितली पाहिजे, मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे तू परत काढलेस तर. फाइली सगळ्या आहेत या मशीनवर. मी काही टाकत नाही, हे एवढं तरी कामाला येईल.

मुलगी : मी आजच बसते. रिकाम्या सेशनमध्ये.

वडील : हो, रिकाम्याच. मी शेजारी बसतो, तू सांगशील तेवढं करतो.

आई : आधी जेवा दोघं. मी पण जेवायची आहे, कुणाला आठवत असेल तर.

वडील : आलो. ...उद्या किती वाजता आहे मीटिंग?

मुलगी : दहाला. का?

वडील : मी येतो. मागच्या रांगेत बसेन, भिंतीपाशी.

मुलगी : कशाला त्रास घेता बाबा? मी सांगेन सगळं.

वडील : तूच सांगायचंस. मी मध्ये बोलणार नाही. फक्त माझं नाव येईल तेव्हा 'बाबा' म्हणू नकोस. माजी सांख्यिकी अधिकारी म्हण, पुढे पूर्ण नाव.

मुलगी : बरं.

वडील : आणि तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर तुझा आवाज खाली येईल, आणि मागच्या लोकांना ऐकू यायला हवं.