उजव्या पायाची चैन

(तबेल्यासमोरचं फरशीचं अंगण, सकाळची वेळ. तांबडी घोडी पुढचा उजवा पाय बादलीत घालून उभी आहे.)

नालबंद : ही पिशवी कुठे ठेवू, तेवढं सांग. मला परत चढ उतरायचाय.

गाडीवान : कसली पिशवी?

नालबंद : हातोडी, पकड, चिमटा, कानस, खुराची सुरी, उरलेले खिळे. सगळं आत आहे.

गाडीवान : मग मला काय करायचंय त्याचं?

नालबंद : ज्याला माझे हात थरथर कापताना दिसतात, त्यानंच माझी हत्यारं सांभाळावीत. चाळीस वर्षं तुझ्या घोड्यांना नाला मारल्या. बुधवारी तू मला तोंडावर म्हणालास, तुझ्या खिळ्यानं माझी तांबडी लंगडी झाली. ते एक सोड. खालच्या रपेटीच्या तबेल्यात जाऊनही तेच सांगितलंस. काल त्यांचा निरोप आला, तूर्त येऊ नका म्हणून. मी म्हटलं, तूर्त कशाला, कायमचंच बंद करू.

गाडीवान : तिथे मी तुझं नाव घेतलं नव्हतं. नालबंद म्हातारा झालाय, एवढंच बोललो.

नालबंद : या भागात दुसरा नालबंद दाखव मला.

मुलगी : काका, आधी बसा. बाबा, तो पाण्याचा तांब्या खाली ठेवा. पाणी बादलीत कमी आणि तिच्या गुडघ्यावर जास्त पडतंय.

नालबंद : अरे, ही कधी आली?

मुलगी : काल. चार दिवस रजा आहे. कसे आहात?

नालबंद : कसा असणार? बेकार.

गाडीवान : हिच्यापुढे रडगाणं गाऊ नकोस. ही आल्यापासून वहीत काय काय लिहितेय. कारखान्यात यंत्रांची थरथर मोजते ना, आता माझी घोडी मोजायला निघालीये.

मुलगी : मला घोड्यांतलं काही कळत नाही, बाबा. म्हणून विचारतेय. डॉक्टर कधी येणार?

गाडीवान : परवा. पुतणीच्या लग्नाला गेलेत. नाहीतर एव्हाना माझं म्हणणं खरं ठरलं असतं.

मुलगी : तुमचं म्हणणं काय, ते एकदा नीट सांगा. दुखतंय ते पुढच्या उजव्या पायातच, हे कशावरून ठरवलंत?

गाडीवान : हे बघ. बुधवारी सकाळी गाडी जुंपली, फाटकाबाहेर पडलो, आणि एकाएकी ही लंगडायला लागली. उजवा पाय टेकला की डोकं धाडकन खाली. मी वरून बघतोय ना, कान असे खाली जायचे. लगेच गाडी फिरवली. घरी येऊन पाय शेकला, आणि मग खूर हातात धरून बघितला तर गरम!

मुलगी : खूर गरम लागला तो शेकायच्या आधी, की नंतर?

गाडीवान : ...नंतर.

नालबंद : गरम पाण्यातून काढल्यावर माझाही पाय गरम लागेल.

गाडीवान : गरम नव्हतं, कोमट होतं!

मुलगी : आणखी काही?

गाडीवान : आणखी म्हणजे, ती स्वतःच दाखवते की. बादली घेऊन आलो की बिचारी उजवा पाय वर उचलते. मुकं जनावर, पण कळतं तिला.

मुलगी : बादलीबरोबर आणखी काय घेऊन येता?

गाडीवान : काही नाही. गाजर.

नालबंद : किती वेळा?

गाडीवान : दिवसातून तीनदा. आजारी आहे ती!

मुलगी : बरं. मग राहिलं फक्त डोकं. बाबा, डाव्या पायातला बूट काढा.

गाडीवान : माझा?

मुलगी : घोडीला बूट कुठेत? काढा. हा खडा आत टाकते. आता पाय घाला, आणि तिकडच्या भिंतीपासून काकांच्या दिशेनं भरभर चालत या.

गाडीवान : बापाच्या बुटात खडे? यासाठी शिकवली तुला? आई गं! टोचतोय की हा!

मुलगी : टोचायलाच हवा. चला. काका, तुम्ही फक्त त्यांच्या डोक्याकडे बघा.

नालबंद : त्या डोक्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मुलगी : काका...

नालबंद : बघतोय, बघतोय. हं. थांब. परत जा, परत ये.

गाडीवान : एकदा पुरे नाही का?

नालबंद : चाल म्हणतो ना! डावा टेकला, डोकं वर. उजवा टेकला, डोकं खाली. वर, खाली. अगं पोरी, हा तर हुबेहूब तांबडीसारखा चालतोय!

मुलगी : खडा कुठल्या बुटात आहे?

नालबंद : डाव्या.

मुलगी : आणि डोकं कुठल्या पायावर खाली जातंय?

नालबंद : उजव्या. चांगल्या पायावर. दुखरा पाय टेकताना अंग वर चोरून घेतो, आणि चांगला टेकला की सगळा भार टाकतो त्याच्यावर.

गाडीवान : मी खडा काढू का?

मुलगी : काढा, बाबा. लागलं नाही ना फार?

गाडीवान : लागलं. थांब जरा. तांबडीचंही डोकं उजव्या पायावरच खाली जातं. म्हणजे तिचा उजवा पाय...

मुलगी : ठणठणीत आहे.

नालबंद : आणि चार दिवस त्याचीच चैन चाललीये! दिवसातून तीनदा शेक काय, कोंड्याचं पोटीस काय, मऊ पट्ट्या काय, वर गाजर! दुखतंय डाव्यात, आणि मिजास उजव्याची!

गाडीवान : हसू नकोस. तू तर नालबंद आहेस. तुला दिसू नये?

नालबंद : मला कुठे चालवून दाखवलीस? मी आलो तेव्हा हिचा पाय बादलीत होता. तू म्हणालास उजवा, मी उजव्याची नाल काढली. सगळा खूर चिमट्यानं दाबून बघितला, कुठे काही लागेना. तरी म्हटलं, घोड्याच्या बाबतीत याचा शब्द कधी खोटा पडला नाही. असेल खोल. असेल आपलाच हात हललेला.

मुलगी : मलाही आधी वाटलं, मीच चुकतेय. तुम्ही दोघांनी एवढे घोडे पाहिलेत. पण आज सकाळी बाबा तिला पाणी पाजायला नेत होते तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. येताना तांबडी समोरून दिसली, डावा पाय टेकला की तिचं डोकं वर जात होतं. मग माझ्या लक्षात आलं. बाबा, तुम्ही घोडा नेहमी कुठून बघता?

गाडीवान : गाडीवरून. कुठून म्हणजे?

मुलगी : म्हणजे मागचा पुठ्ठा आणि दोन कान. आणि काकांकडे घोडा येतो तो उभा, एक पाय त्यांच्या मांडीवर. चालणारा घोडा समोरून तुमच्यापैकी कुणी बघतच नाही. आमच्याकडे बंद यंत्र कुणी तपासत नाही. काय बोलायचं ते यंत्र चालू असतानाच बोलतं.

नालबंद : पोरी, ती पिशवी इकडे दे.

गाडीवान : ती माझ्याकडे ठेवली होतीस ना?

नालबंद : अजून ठेवली कुठे होती? चिमटा दे. आणि तू तिची म्होरकी धर. डोक्याजवळ उभा राहा, मागे नको. हं, ये गं बाई, दे डावा पाय. इथे दाबतो... काही नाही. टाच... काही नाही. आता बाहेरच्या अंगाला, खिळ्यांजवळ...

गाडीवान : अरे अरे! हो! हो, राणी! पायावर पाय दिला हिनं माझ्या! खडा होता त्याच पायावर!

नालबंद : सापडलं. तिसऱ्या खिळ्यापाशी. हात लावून बघ, पोरी. आणि मग उजव्याला लाव.

मुलगी : उजवा ओला आहे, त्याच्याशी तुलना नको. मागच्या पायाशी करते. हो, हा बराच गरम आहे.

नालबंद : ही कुणी शेकलेली ऊब नाही. आता नाल काढतो. एकेक खिळा ओढायचा, घाई नाही. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा... शी! वास आला?

गाडीवान : पू!

नालबंद : काळा आहे. येऊ दे सगळा. आत कोंडला होता म्हणून ठणकत होतं. बघ, तिनं मान कशी सैल सोडली. सुरीनं तोंड थोडं मोठं करतो, म्हणजे वाहून जाईल.

मुलगी : काका, तुमचा हात अजिबात कापत नाहीये.

नालबंद : हातात काही नसलं की कापतो. काम आलं की विसरतो. पण... हे काय?

मुलगी : काय झालं?

नालबंद : खिळा आपलाच आहे. बुधवारच्या दहा दिवस आधी नाला मारल्या तेव्हा दोन-चार इथे राहिले होते, त्यांतलाच. पण हे डोकं बघ. यावर छाप असते. ती छाप नेहमी आतल्या बाजूला ठेवायची. मग टोक आपोआप बाहेर वळतं आणि खुराच्या भिंतीतून निघतं. छाप बाहेर ठेवून मारला तर टोक आत शिरतं, नाजूक भागात. हा खिळा निघाला तेव्हा छाप बाहेर होती.

मुलगी : चुकून होऊ शकतं?

नालबंद : पोरी, डोळे बांधून दिला तरी अंगठ्याला छाप कळते मला. हा मी मारलेला नाही. हा कुणी... काय रे? तू खाली का बघतोयस?

गाडीवान : फरशी ओली झालीये.

मुलगी : बाबा.

गाडीवान : त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी एक खिळा निखळून पडला होता. डाव्याचा. एकच तर होता! मी तबेल्यातला दुसरा घेतला आणि मारला. दोन ठोक्यांत गेला. मला वाटलं, छान जमलं.

नालबंद : तिनं पाय झटकला नव्हता?

गाडीवान : झटकला होता. मी म्हटलं, माशी बसली असेल.

नालबंद : माशी!

मुलगी : आणि हे तुम्हाला बुधवारी आठवलं नाही?

गाडीवान : मी डाव्याला मारला होता, आणि दुखत होतं उजव्यात! मग डाव्याचा काय संबंध? मी काही लपवलं नाही. खरंच सांगतो, मनात आलंच नाही.

नालबंद : मला का नाही बोलावलंस? एक हाक मारली असतीस.

गाडीवान : तुझी कंबर धरली होती.

नालबंद : काय?

गाडीवान : त्या आठवड्यात जिना चढताना तू भिंतीला हात लावत होतास. मी बघितलं होतं. म्हटलं, एका खिळ्यासाठी याला एवढा चढ चढायला लावायचा? आपणच मारू. चाळीस वर्षं याला मारताना बघतोय, त्यात काय मोठं!

नालबंद : चाळीस वर्षं तू गाडीवर बसून पेपर वाचत होतास. मी खिळे मारत होतो.

गाडीवान : तेही खरंय. चुकलं माझं. बोलायला नको होतं तसं. तिथे जाऊन तर मुळीच नको होतं. आत्ताच जातो त्या तबेल्यात आणि सांगतो, खिळा माझा, चूक माझी.

नालबंद : आत्ता नको. तुझं बोलणं तिथे कुणी ऐकणार नाही. आठवड्यानं ही बरी होईल. मग गाडी जुंप आणि त्यांच्या फाटकाकडे सरळ दुडक्या चालीनं ने. म्हणजे त्यांना समोरून दिसेल. त्यानंतर काय सांगायचं ते सांग.

मुलगी : आणि परवा डॉक्टर आले की धनुर्वाताचं इंजेक्शन. मी फोन करून ठेवते. तोवर डावा पाय मिठाच्या पाण्यात, दिवसातून दोनदा. बरोबर, काका?

नालबंद : बरोबर. आण बादली.

गाडीवान : आणली. हं, राणी, पाय दे. अगं, हा नव्हे! डावा! उजवा खाली ठेव! बघ कशी उचलून धरलीये!

मुलगी : डावा उचलला तरच गाजर द्या, बाबा. शिकेल दोन दिवसांत.

नालबंद : उजव्याची नाल मात्र आत्ताच परत मारतो. चार दिवस भिजून खूर मऊ पडलाय, फरशीवर झिजेल. पिशवीतली हातोडी दे.

गाडीवान : आणि कंबर?

नालबंद : स्टूल आण. बसून मारीन. आणि तू इथे पुढे बस, डबा उपडा घालून. म्होरकी धरून ठेव.

गाडीवान : बसलो. हे धर. छाप आतच आहे, बघून दिलाय.

नालबंद : कळलं अंगठ्याला.

गाडीवान : इथून छान दिसते रे ही. कपाळावर पांढरा ठिपका आहे, तो पानासारखा आहे. आणि पापण्या केवढ्या!

नालबंद : अकरा वर्षं तुझ्याकडे आहे ती.

गाडीवान : हो ना. आज तिनं बहुतेक मलाही पहिल्यांदाच बघितलं. हा घे पुढचा खिळा.